सायलेन्सर बदलताना

रविवारी दुपारनंतर नालासोपाऱ्याजवळच्या कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. कोणी मुंबईहून आलेलं, कोणी मीरा-भाईंदरहून, कोणी विरारहून. त्यांच्या उजव्या बाजूने खाली वाकून पाहत गेलं की लक्षात येतं, अनेकींचा सायलेन्सर कंपनीचा नाही. मूळचा लांबट, जड डबा जाऊन तिथे एक आखूड नळकांडं आलेलं असतं, षटकोनी तोंडाचं, अंगावर कार्बन फायबरची नक्षी छापलेलं. त्यावर नाव एखाद्या नामांकित परदेशी कंपनीचं असतं, बहुतेक वेळा स्लोव्हेनियातल्या अक्रापोविचचं. पण ती वस्तू त्या कंपनीच्या कारखान्यातून आलेली नसते. दुकानदारही तिला सरळ ‘कॉपी’ म्हणतो. दीड-दोन हजारांपासून ती मिळते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळते, दिल्लीच्या करोल बागेत मिळते, ऑनलाइन मागवली तर घरपोच येते, आणि नालासोपाऱ्यातला हात बसलेला मेकॅनिक ती अर्ध्या-पाऊण तासात चढवूनही देतो.

या प्रकाराला स्लिप-ऑन म्हणतात. इंजिनाच्या डोक्यातून निघणारा बेंडपाइप तसाच ठेवायचा, जिथे सायलेन्सर त्याला जोडलेला असतो तो सांधा सोडायचा आणि नवा सायलेन्सर त्या पाइपावर सरकवून क्लॅम्पने आवळायचा. बेंडपाइपसकट सगळंच बदललं तर ती झाली फुल सिस्टिम. तिचा खर्चही मोठा आणि इंजिनाच्या ट्युनिंगचा व्यापही मोठा. स्लिप-ऑन सोपं आहे, म्हणूनच इतकं लोकप्रिय आहे. विकत घेणाऱ्याच्या मनात तीन गोष्टी असतात: आवाज भरदार व्हावा, पिकअप वाढावा, गाडी दिसायला झकास दिसावी. यातली पहिली आणि तिसरी हमखास मिळते. दुसरीबद्दल बोलायचं तर पाइपात नेमकं काय घडतं ते आधी समजून घ्यायला हवं, कारण माझ्या मते सायलेन्सरविषयीचे जवळजवळ सगळे गैरसमज तिथूनच निघतात. सायलेन्सर हा इंजिनाचा अवयव आहे. तो बदलला की इंजिनाचा श्वास बदलतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी सिलिंडरमधल्या जळलेल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. व्हॉल्व्ह फटीइतका उघडला तरी दाबाचा एक धक्का बेंडपाइपमध्ये शिरतो आणि ध्वनीच्या वेगाने पुढे धावतो. खुद्द वायू मात्र त्याच्या मागून, बराच सावकाश येतो. विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याला हे लगेच कळेल. आतून कोणी रेटा दिला की तो क्षणात दारापर्यंत पोचतो, माणसं मात्र जागची वीतभरच हललेली असतात. आणि नालासोपाऱ्याला दारातली माणसं उतरली, की मोकळी जागा उलट्या दिशेने, दाराकडून आत सरकत जाते. पाइपातही हेच होतं. दाबाचा धक्का पाइपाच्या उघड्या तोंडाशी, किंवा पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथे पोचला, की तिथून कमी दाबाची एक लाट मागे फिरते आणि इंजिनाकडे येते.

आता थोडा हिशोब. उन्हाळ्यातल्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. ५०० अंशांपर्यंत तापलेल्या वायूत तोच वेग ५५० मीटरच्या घरात असतो. व्हॉल्व्हपासून ८० सेंटिमीटरवर पाइप रुंद होत असेल तर जाऊन-येऊन अंतर १.६ मीटर, म्हणजे लाट सुमारे ३ मिलिसेकंदांत परत. इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत पुरा होतो. तेव्हा लाट परतेपर्यंत फेऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा उलटलेला असतो. ३००० आरपीएमला तीच लाट फेऱ्याच्या सहाव्या हिश्श्यातच येऊन ठेपते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलेला आणि इनटेक नुकताच उघडलेला, अशा नेमक्या वेळी कमी दाबाची लाट आली तर ती उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला वाट करून देते. त्याच वेळी उलट दाबाची लाट आली तर धूर आतच कोंडतो. म्हणून कुठलाही पाइप सगळ्या आरपीएमला सारखा चांगला नसतो. कंपनीचा इंजिनियर लांबी, व्यास आणि सायलेन्सरमधल्या कप्प्यांची मापं बसवताना हे गणित रोजच्या वापराच्या आरपीएमला धरून मांडतो. आपण टोकाचा डबा बदलतो तेव्हा ते गणित थोडंफार विस्कटतं.

गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच, नाहीतर पिकअप मरतो.’ पिकअप मरतो हा अनुभव खरा आहे, कारण मात्र चुकीचं आहे. धूर बाहेर जायला अडथळा झाला म्हणून कुठल्याही इंजिनाचं भलं होत नाही. मोकळा सायलेन्सर लावल्यावर खालच्या आरपीएमला गाडी मरगळते ती दोन कारणांनी. एक तर लाटांची जुळलेली वेळ बिघडते. दुसरं, कार्बुरेटरच्या गाडीत हवेचा ओघ बदलतो पण जेट जुनाच राहतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते.

पाइप किती ताकदवान असतो हे पाहायचं तर टू-स्ट्रोककडे वळायला हवं. यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली आणि महाराष्ट्रात अजून लोक ती पोटच्या पोरासारखी जपतात. टू-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर पडण्याची वाट आणि ताजं मिश्रण आत येण्याची वाट काही काळ एकदमच उघडी असते, त्यामुळे ताज्या मिश्रणातलं काही थेट सायलेन्सरकडे पळतं. ते परत आत ढकलायचं काम सायलेन्सर करतो. पोटात फुगलेल्या आणि शेवटी निमुळत्या होत जाणाऱ्या नळीत, निमुळत्या भिंतीवरून परतलेली दाबाची लाट वेळेवर आली तर पळालेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबलं जातं. ही विद्या पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या इंजिनियरने १९५०च्या दशकात सिद्ध केली. १९६१पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनाने २५ अश्वशक्तीपर्यंत मजल मारली, म्हणजे लिटरमागे २००. टर्बो-सुपरचार्जरशिवाय तोवर कोणालाही हे जमलं नव्हतं. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला, काडेनची विद्या सोबत घेऊन सुझुकीत दाखल झाला, आणि १९६२ साली सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर जगज्जेता झाला. एका वाकड्यातिकड्या पत्र्याच्या नळीत अख्खी जागतिक स्पर्धा फिरवण्याची ताकद होती! म्हणून आरएक्सला दिसायला छान म्हणून भलताच सायलेन्सर लावलेला पाहिला की मला मनापासून वाईट वाटतं. फोर-स्ट्रोकमध्ये परिणाम इतका नाट्यमय नसतो, पण तत्त्व तेच.

फोर-स्ट्रोकमध्ये मिळतं किती? बाकी काही न बदलता नुसता स्लिप-ऑन लावला तर ताकदीत पडणारा फरक सहसा एखाद-दुसऱ्या टक्क्याचा, आणि तोही वरच्या आरपीएमला. रॉयल एनफील्डची सध्याची क्लासिक ३५० घ्या: ३४९ सीसी, ६१०० आरपीएमला २०.२ अश्वशक्ती. तिच्यात दोन टक्के म्हणजे ०.४ अश्वशक्ती. एवढा फरक मोजायला डायनोमीटर लागतो, बसल्या जागी तो कळत नाही. वजनाचा फायदा मात्र खरा असतो. सायलेन्सर हलका झाल्याने दोन-तीन किलो कमी झाले, तर १९५ किलोंच्या गाडीत आणि तिच्यावर बसलेल्या माणसात मिळून तोही एक टक्का होतो. मग ‘गाडी आता पळते’ असं प्रत्येकजण शपथेवर का सांगतो? कारण आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. स्पीडोमीटर आणि घड्याळ घेऊन तपासलं की हा भास उतरतो.

आवाज का वाढतो, हेही आतल्या रचनेतच आहे. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये दोन-तीन कप्पे असतात. आवाजाची लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना मागे-पुढे आपटते आणि परस्परांविरुद्ध आलेल्या लाटा एकमेकींना खातात. स्लिप-ऑनमध्ये बहुधा एक सरळ, भोकंभोकं पाडलेली नळी असते, तिच्याभोवती ग्लासवूल आणि वरून पत्रा. ग्लासवूल चिरका, कर्कश आवाज चांगला शोषतं. खोल, घुमणाऱ्या आवाजाला ते फारसं रोखत नाही. एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला २५ स्फोट करतं. त्या स्फोटांचा घुमारा जवळजवळ जशाच्या तसा बाहेर पडतो. तो छातीत जाणवतो आणि त्याचंच वेड माणसाला लागतं. हे वेड मी समजू शकतो. एका मोठ्या पिस्टनचा सावकाश, ठाशीव ठोका कानाला खरोखर सुखावतो.

पण हाच घुमारा घराच्या भिंती सहज पार करतो. डेसिबलच्या मीटरवर तो पुरता दिसतही नाही, कारण नियमांत वापरली जाणारी डीबी(ए) ही मोजपट्टी माणसाच्या कानाला धरून बनवलेली आहे आणि ५० हर्ट्झचा आवाज ती ३० डेसिबलने कमी धरते. मीटर म्हणतो ठीक आहे; पलीकडच्या खोलीत खिडकीची काच थरथरत असते. सुरूच्या चार रांगांनी आवाज अडतो असंही पुष्कळांना वाटतं. झाडांचा अरुंद पट्टा खोल आवाजाला अगदीच थोडा अडवतो.

आपल्याकडच्या मर्यादा अशा आहेत. नवीन दुचाकी कारखान्यातून मंजूर होताना, ठरावीक पद्धतीने मोजलेला आवाज ८० सीसीपर्यंत ७५, त्यापुढे १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या गाडीचा ८० डेसिबलच्या आत असावा लागतो. ही चाचणी धावत्या गाडीची असते, गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून. दुसरीकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल. डेसिबलची मोजणी साधी बेरीज-वजाबाकी नाही: १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट झाली आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. साडेसात मीटरवर ८० डेसिबलची गाडी तीस मीटरवर ६८ची होते. त्याच गाडीचा सायलेन्सर १५ डेसिबलने मोकळा केला, तर बाहेर पडणारी ध्वनिशक्ती तीसपटीहून जास्त होते आणि तीस मीटरवरच्या घरात ८३ डेसिबल पोचतात. रात्री अकराला किनाऱ्यावरून परतणारी अशी एक गाडी वाडीतल्या किती घरांची झोप मोडत जाते, याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा. तान्हं बाळ किंवा आजारी म्हातारा घरात असलेल्यांना आकडे लागत नाहीत.

‘मोठा आवाज असला की ट्रकवाल्याला कळतं, अपघात टळतो’ असा एक युक्तिवाद केला जातो. सायलेन्सरचं तोंड मागे असतं, धोका बहुधा पुढून किंवा बाजूने येतो, आणि ट्रकच्या केबिनमध्ये त्याचं स्वतःचं इंजिन गरजत असतं. पुढच्याला ऐकू जावं म्हणून गाडीला हॉर्न दिलेला आहे.

अनेक स्लिप-ऑनच्या तोंडात एक छोटी नळी बसवलेली असते, तिला डीबी किलर म्हणतात. ती एका स्क्रूवर असते आणि बहुतेक गिऱ्हाइकं दुकानातच ती काढून खिशात घालतात. माझं स्पष्ट मत आहे, सायलेन्सर लावायचाच असेल तर डीबी किलर आत राहू द्यावा. त्याने ताकदीत पडणारा फरक पुन्हा टक्क्याच्या आतबाहेरच असतो आणि आवाज मात्र माणसांत राहतो.

आता बसवण्याकडे येऊ. त्याआधी एक पाहणी करायची असते आणि तीच सर्रास राहून जाते: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे? १ एप्रिल २०२०पासून देशभर धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ हे मानक लागू झालं. तेव्हापासूनच्या गाड्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप दिलेली मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी धुराच्या वाटेत असते. काही गाड्यांत ती बेंडपाइपमध्ये किंवा इंजिनाच्या पोटाखाली असते. तिथे स्लिप-ऑनने तिला धक्का लागत नाही. काहींत ती सायलेन्सरच्या डब्यातच असते. अशा गाडीचा सायलेन्सर काढला की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल निष्प्रभ करणारी यंत्रणाच निघून जाते. त्या गाडीला स्वस्त स्लिप-ऑन लावू नये. पीयूसी पास होईल की नाही हा प्रश्न इथे दुय्यम आहे. पीयूसीत इंजिन आयडलवर ठेवून धूर तपासतात, आवाज तर तपासतच नाहीत.

बसवायची वेळ सकाळची, इंजिन पूर्ण थंड असताना. किनाऱ्याजवळच्या गाडीचे बोल्ट गंजून पकडलेले असतात, म्हणून आदल्या रात्रीच क्लॅम्पच्या आणि हँगरच्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. सकाळी सॉकेट नीट बसवून आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने जोर द्यावा. गंज कडकन सुटल्याचं हाताला कळतं. एकदम झटका मारला तर बोल्टचं डोकं तुटतं आणि अर्ध्या तासाचं काम ड्रिल मशीनपर्यंत जातं. सायलेन्सर ओढताना डावी-उजवीकडे हलकेच पिळत ओढायचा. सांध्यातली ग्राफाइटची गॅस्केट, जिला मेकॅनिक पॅकिंग म्हणतो, बहुतेकदा चुरा होऊन निघते. नवी घालावी. ती फार महाग नसते, आणि स्लिप-ऑनच्या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच.

नवा सायलेन्सर सरकवला की सगळे बोल्ट आधी नुसते हाताने धरवायचे. मग मागच्या ब्रॅकेटचं भोक चेसिसच्या भोकाशी आपसूक जुळतं का ते पाहायचं. स्वस्त मालात ते पुष्कळदा अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे असतं, आणि मेकॅनिक पाइप दाबून, ढकलून बोल्ट घुसवतो. तिथे त्याला थांबवावं. तसा ताणून बसवलेला सायलेन्सर प्रत्येक खड्ड्यात स्वतःच्या वेल्डिंगवर जोर घेतो आणि काही महिन्यांत ब्रॅकेटच्या मुळाशी चिरतो. वॉशर टाकून किंवा ब्रॅकेटचं भोक लांबट करून घेऊन जुळवावं. हँगरमधला रबरी बुश काढून टाकू नये. इंजिनाची थरथर तोच गिळतो. सगळं जुळलं की आवळायला सुरुवात इंजिनाकडून करायची आणि मागे सरकत यायचं. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं तर पुढच्या वेळी बोल्ट सुटेल. मागे माणूस बसवून गाडी दाबून पाहावी: चाक, स्विंगआर्म, ब्रेक पेडल यांपैकी कशालाही सायलेन्सर लागता कामा नये, मागच्या माणसाची पोटरी तर नाहीच.

स्टेनलेसवरचे हाताचे ठसे गाडी चालू करण्याआधी स्पिरिटने पुसून घ्यावेत, नाहीतर ते भाजून कायमचे राहतात. सांध्यावर साबणाचं पाणी लावून गाडी थंडच चालू करावी. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. ही गळती नुसत्या फट्-फट् आवाजापुरती नसते. पाइपात कमी दाबाची लाट असते त्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. बीएस-६ गाडीत बेंडपाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. ही उपरी हवा त्याच्यापर्यंत पोचली की त्याला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जास्त पेट्रोल सोडू लागतो. ॲव्हरेज घसरतं, दोष सायलेन्सरच्या कंपनीला दिला जातो, आणि खरं कारण चुरा झालेली पॅकिंग असते. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर, इंजिन थंड करून, सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. तापून-थंड होऊन धातू जागा धरतो, तेव्हा ते हमखास थोडे ढिले पडतात.

थ्रॉटल सोडल्यावर मागून येणारे फटाके पुष्कळांना आवडतात. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात हवा मिळताच पेटतं, तो हा आवाज. अधूनमधून हलकं फुटणं निरुपद्रवी असतं. पण चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून मुद्दाम काढलेला बार कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा जीव घेतो: साचलेलं पेट्रोल त्या जाळीवर जळतं, तापमान हजार अंशांपर्यंत चढू शकतं आणि जाळी वितळून धुराची वाटच बुजते. आणि रस्त्यावरून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या काळजाचं काय होतं, हे त्या बाराच्या वेळी मागे वळून पाहिलं तर दिसेल.

कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा या पट्ट्यात सायलेन्सरला जो शत्रू आहे तो घाटावर नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते गाडीवर बसतात. हे झालं बाहेरून. आतून पाणी असतं, आणि ते पेट्रोलमधूनच येतं: एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पुरता तापतो आणि वाफ उडून जाते. घर ते बाजार, घर ते स्टेशन अशा छोट्या फेऱ्यांत तो तापतच नाही. वाफ आतच थंड होऊन पाणी तळाशी साचतं, धुरातली आम्लं त्यात मिसळतात आणि पत्रा आतून खातात. म्हणून कंपनीच्या अनेक सायलेन्सरना तळाशी बारीक भोक असतं. ते बिघाड समजून एमसीलने बुजवणारे लोक आहेत. बुजवू नये. स्वस्त स्लिप-ऑनला हे भोक नसेल आणि त्याचं तोंड वर उचललेलं असेल, तर पावसाळ्यात त्यात पाणी साठून ग्लासवूल भिजतं आणि वर्षभरात आतला भाग कुजतो.

‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ असं दुकानात सांगतात. चुंबक लावून पाहायची पद्धत आहे, पण तिच्यावर विसंबता येत नाही. ४०९ हे सायलेन्सरसाठीच वापरलं जाणारं, सुमारे ११ टक्के क्रोमियमचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. उलट २०१ हे हलकं स्टेनलेस चिकटत नाही आणि तरी खाऱ्या हवेत डागाळतं. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं ३०४ चांगलं. त्यालाही किनाऱ्यावर तपकिरी डाग पडतात, पण ते पुसून निघतात. खरी परीक्षा वेल्डिंगची. सांध्याच्या कडेला निळसर-काळी रेघ राहिली असेल, आत टाके विरळ असतील, तर गंज तिथून सुरू होतो. किनाऱ्यावर गाडी नेली की घरी येऊन, सायलेन्सर थंड झाल्यावर, गोड्या पाण्याने तो धुवावा. तापलेल्यावर पाणी मारू नये, पत्रा वाकतो. धुतल्यावर गाडी दहा मिनिटं चालवून आतलं-बाहेरचं पाणी सुकू द्यावं. ग्लासवूल जळून कमी झालं की आवाज कर्कश होत जातो. तो झाला की रिव्हेट काढून नवं भरावं. भरताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, त्याचे तंतू कातडीत आणि घशात शिरतात.

कायद्याचं सांगणं सरळ आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही. आवाजाचे आणि प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवली तर कलम १९०(२) नुसार, २०१९च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. युरोपात बाहेरच्या सायलेन्सरलाही स्वतंत्र चाचणीतून मंजुरीचा शिक्का घेता येतो. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत मंजुरी मिळते ती कंपनीच्या सायलेन्सरसह अख्ख्या गाडीला. कॉपीच्या नळकांड्यावर कसलाही शिक्का नसतो. त्यामुळे डीबी किलर जागेवर ठेवला, कन्व्हर्टरला हात लावला नाही, तरी नाक्यावर अडवल्यावर दाखवायला कागद नसतो, हे पैसे देण्याआधी माहीत असावं. नागपूर-पुण्यात जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं अनेकांनी पाहिली असतील.

काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये, आणि मेकॅनिककडे तर मुळीच सोडू नये. गाडी विकताना, वॉरंटीचं काम निघाल्यावर, विम्याच्या तपासणीला आणि पंधरा वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करताना तोच लागतो, आणि नवा घ्यायचा तर बहुतेक कंपन्यांचा सायलेन्सर स्वस्त स्लिप-ऑनच्या कितीतरी पट किमतीचा असतो. आतलं पाणी निथळून, दोन दिवस उन्हात वाळवून, बाहेरून इंजिन ऑइलचा हात फिरवावा. दोन्ही तोंडं फडक्याने बंद करून तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा आणि माळ्यावर आडवा ठेवावा. त्याचे बोल्ट, वॉशर आणि रबरी बुश एका पिशवीत घालून ती पिशवी त्यालाच बांधून ठेवावी.